नाव सातव्या ओळीत

पांढरकवड्याला माझ्या एका मित्राचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. काउंटरच्या मागे परवान्याची फ्रेम, तिच्या बाजूला केळापूरच्या जगदंबेचा फोटो आणि त्याखाली लॅमिनेट केलेलं वर्तमानपत्राचं एक कात्रण. २०१७ सालचं. कागद पिवळा पडलाय, पण अक्षरं शाबूत आहेत. मी हैदराबादला नोकरी करतो. दिवाळीला बस पाटणबोरी ओलांडून गावात आली की दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात तासभर बसतोच, आणि तो तासभर त्या कात्रणाकडे बघणं टाळतो. कारण ती बातमी मी लिहिलेली आहे.

बातमीवर माझं नाव नाही. ‘तालुका प्रतिनिधी’ असं आहे. मित्राचं नावही मी इथे देणार नाही. लिही म्हणाला, पण नाव नको टाकू. दुकानात गिऱ्हाईक विचारत बसते.

बातमी अकरा ओळींची आहे. पहिल्या ओळीत महाविद्यालयाने ‘यशाची परंपरा कायम’ राखली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव. चौथीत प्राचार्य. पाचवी-सहावी शारीरिक शिक्षण संचालकांच्या ‘कुशल मार्गदर्शना’ची. सातव्या ओळीत माझ्या मित्राचं नाव येतं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत त्याने ५००० मीटर धावण्यात प्रथम क्रमांक ‘पटकावला’ आणि त्याची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी ‘निवड झाली’. मग तो आपल्या यशाचे श्रेय आई-वडील व गुरुजनांना देतो. शेवटी त्याचे सर्वत्र कौतुक होत आहे. कुठे सर्वत्र, ते नाही. ‘सर्वत्र’ हा शब्द अशा बातमीत राष्ट्रगीतासारखा असतो, तो आला की उठायचं.

कथा, कादंबरी, सिनेमा, वेब सिरीज यांची समीक्षा आपण करतो. पण तालुक्याच्या गावांत सगळ्यात जास्त वाचलं जाणारं, कापून ठेवलं जाणारं आणि आता फोटो काढून स्टेटसला लागणारं मराठी गद्य हे आहे. ‘सुयश’ची बातमी. तिची समीक्षा करायच्या फंदात कोणी पडत नाही. म्हणून मीच करतो, माझ्याच बातमीची.

या बातमीत वेळ नाही. पाच हजार मीटरची शर्यत म्हणजे शेवटी एक आकडा असतो, किती मिनिटं आणि किती सेकंद. तोच गायब आहे. शर्यतीत किती जण होते तेही नाही (नऊ होते). दुसरा कोण आला, किती मागे होता, ट्रॅक मातीचा होता की सिंथेटिक, धावले सकाळी की दुपारी बाराच्या उन्हात, काही नाही. म्हणजे खेळाच्या बातमीतून खेळ बाजूला काढला तरी तिच्यातला एक शब्दही हलत नाही. धावण्याच्या जागी निबंध स्पर्धा घाला, बातमी तशीच उभी राहते. मराठीत शिकलेल्या प्रत्येकाला असे निबंध आठवत असतील: नदीवर पाठ केलेला निबंध गाईवर आला तर गाईला नदीकाठी नेऊन बांधायचं.

वेळ नाही, ही झाली उणीव. निवड झाली, हे मात्र चक्क खोटं होतं. त्याला फक्त विद्यापीठ संघाच्या सराव शिबिराला बोलावलं होतं. शिबिरात पुन्हा चाचणी होते, काही मुलं घरी येतात. तो घरी आला.

आता हे खोटं कसं छापून आलं ते सांगतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुटीवर आलो होतो. मित्राच्या कॉलेजातल्या सरांना प्रेस नोट टाइप करून हवी होती. ‘तू इंजिनिअरिंगवाला हायेस, तुले मराठी टायपिंग येतच असन.’ त्यांनी मला पेन ड्राइव्हमध्ये मागच्या वर्षीची फाइल दिली. मागच्या वर्षी एका मुलीची खरोखर निवड झाली होती. मी वर्ष बदललं, नाव बदललं, खेळ बदलला. निवडीचं वाक्य तसंच राहिलं. मला ते दिसलं नाही असं नाही. मी विचारलं. सर म्हणाले, ‘राहू दे, शिबिराले बोलावलंच हाये, होऊनच जाईन.’ मी राहू दिलं. फाइल मेल केली. तीन दैनिकांत ती छापून आली. दोघांनी शब्दशः, मी केलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट. तिसऱ्याने मथळ्यात ‘अखिल भारतीय’चं ‘राष्ट्रीय’ केलं आणि वर ‘झेप’ जोडली. तिघांपैकी एकाही ठिकाणाहून कोणाला फोन आला नाही. मला नाही, सरांना नाही. मित्राला तर नाहीच.

२००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या ‘पेड न्यूज’चं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी दाखवलेला एक पुरावा असा होता की एकच मजकूर शब्दशः तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत आला होता. तेव्हा सगळे हादरले. आमचा मजकूरही तीन दैनिकांत तसाच आला, एक रुपया न देता. त्याने कोणी हादरणार नाही, कारण मुलांच्या खेळाच्या बातमीकडून कोणाची अपेक्षाच नसते. ती ‘भरती’ची बातमी असते. जागा उरली की लागते.

तालुक्याच्या बातमीदाराला मी शिव्या घालणार नाही. पूर्ण पगारी माणूस तालुक्याला सहसा नसतोच. जो असतो तो स्वतःचा धंदा सांभाळून बातम्या पाठवतो, आणि त्याचं बरचसं उत्पन्न बातमीतून नाही, जाहिरातीच्या कमिशनमधून येतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, अध्यक्षांचा वाढदिवस. जाहिरात कोण देतं? संस्था. मग संस्थेच्या प्रेस नोटमधली पहिली सहा नावं कोण कापणार? धावणारा मुलगा जाहिरात देत नाही, म्हणून तो सातव्या ओळीत असतो. याला मी लाचखोरी म्हणत नाही. वजन जिकडे जास्त तिकडे तराजू झुकतो, तसं आहे हे.

आमच्या गावाने दुसऱ्या टोकाची पत्रकारिताही पाहिली आहे. २०१८ साली टी-१ वाघिणीच्या वेळी. १३ बळींचा ठपका असलेली ती वाघीण २ नोव्हेंबरला राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ मारली गेली आणि पांढरकवडा हे नाव अचानक देशभरच्या स्क्रीनवर दिसू लागलं. वन विभागाच्या कागदात ती टी-१ होती, बातम्यांत ‘अवनी’ झाली. नाव बदललं तशी गोष्ट बदलली. कोणाची बाजू बरोबर हा वाद इथे नको. मला एवढंच दिसलं की गावाच्या वाट्याला दोनच प्रकारचे बातमीदार येतात. एक, जो प्रेस नोटवर अवलंबून असतो. दुसरा, जो फक्त चमत्कार किंवा रक्त असलं की येतो. मधला, जो येऊन नुसतं विचारतो की शर्यतीत किती जण होते, तो येत नाही.

विद्यार्थ्यांच्या खेळावर तो दुसऱ्या प्रकारचा बातमीदार तुटून पडला की काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा नीट पाहिलं आहे. कल्याणला.

४ जानेवारी २०१६. मी फर्स्ट इयरला होतो, हॉस्टेलवर. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या भंडारी कप या आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध दिवसअखेर नाबाद ६५२ होता. मोबाइलवर आकडा वाचून आम्हाला वाटलं टायपिंगची चूक असणार. दुसऱ्या दिवशी कॅमेरे पोहोचले आणि तो नाबाद १००९ पर्यंत गेला. १२९ चौकार, ५९ षटकार. मी तेव्हाच हिशेब केला होता: ८७० धावा नुसत्या सीमारेषेपलीकडच्या. संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरचा संघ एकदा ३१ आणि एकदा ५२ धावांत बाद झाला. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

ते आकडे पुन्हा वाचा. १४६५ आहेत म्हणून नका वाचू, ३१ आणि ५२ आहेत म्हणून वाचा. ज्याला क्रिकेटचं थोडं कळतं त्याच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा: समोर कोण होतं? उत्तर मिळायला अवघड नव्हतं. आर्य गुरुकुलची मोठी मुलं परीक्षेच्या गडबडीत होती, मैदानात उतरलेल्यांत बरीच पोरं बारा वर्षांच्या आसपासची होती. मैदानाची एक बाजू फारच जवळ होती. झेल भरपूर सुटले. हे काही बातम्यांत आलं. त्याच दिवसांत, त्याच गर्दीत. पण आलं ते आतल्या परिच्छेदात. मथळा, टीव्हीची पट्टी, आमचे व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे एकच वाक्य होतं: रिक्षाचालकाच्या मुलाने जग जिंकलं.

या ‘रिक्षाचालकाचा मुलगा’वर थांबायला हवं. आपल्याकडे खेळाडूच्या आधी त्याच्या वडिलांचा धंदा विशेषण म्हणून लागतो. आमच्या विदर्भाचा उमेश यादव कसोटी खेळून किती वर्षं झाली तरी ‘खाण कामगाराचा मुलगा’. हे कौतुकाने लिहिलं जातं, मला माहीत आहे. पण त्यात एक सोय असते. गरिबी लिहिली की खेळ लिहावा लागत नाही. मुलगा कोणत्या पायावर खेळतो, आखूड चेंडूला काय करतो, पुढच्या वयोगटात टिकेल का, या गोष्टींसाठी बघावं लागतं, थांबावं लागतं. वडिलांचा धंदा शाळेच्या फाटकावर विचारून कळतो.

चेंडू किती खेळला यावर तर बातम्यांचंच एकमत नव्हतं. कुठे ३२३, कुठे ३२७. चार चेंडूंचा फरक. म्हणाल तर काहीच नाही. पण विश्वविक्रम म्हणून जो आकडा सगळे नाचवत होते, त्याच्या शेजारचा आकडा बहुतेकांनी पडताळून पाहिला नव्हता. गंमत म्हणजे प्रणवने जो विक्रम मोडला त्याचीही तीच कथा. जून १८९९, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद ६२८ केल्या होत्या, शाळेतल्याच दोन हाउसच्या सामन्यात, अनेक दिवस थोडं थोडं खेळून. त्या सामन्याचा धावफलक लिहिणारा नंतर म्हणाला असं सांगतात की ६२८ म्हणजे, वीस इकडे-तिकडे धरा. ११६ वर्षं तो आकडा पुस्तकांत दगडावर कोरल्यासारखा बसला होता. लिहिणाऱ्याला मात्र माहीत होतं की दगड नव्हता, पेन्सिल होती. मला तो स्कोअरर फार आवडतो. सुयशच्या बातमीत असं एक वाक्य असतं तर!

पुढचं तुम्हाला आठवत असेल. मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला पाच वर्षांसाठी महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. मग धावा आटल्या. आटणारच होत्या, कारण प्रत्येक सामन्यात समोर बारा वर्षांची मुलं नसतात. २०१७मध्ये त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहिलं की शिष्यवृत्ती थांबवा. त्यावर पुन्हा बातम्या, या वेळी ‘कुठे हरवला’ छापाच्या. ज्यांनी त्याला चढवलं त्यांनीच तो खाली आल्याचं हळहळून सांगितलं, आणि दोन्ही वेळा वाचक मिळवले. त्या दहावी-बारावीच्या वयातल्या मुलाने मधल्या काळात काय ऐकून घेतलं असेल? आर्य गुरुकुलच्या पोरांचं तर कोणी विचारलंच नाही. बाराव्या वर्षी दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावायचं, आणि मग आयुष्यभर जगातल्या सर्वांत मोठ्या धावसंख्येच्या समोरची बाजू म्हणून राहायचं. त्यांच्यापैकी एखाद्याने लिहिलेला निबंध मला वाचायला आवडेल.

या प्रकरणात माझाही एक हात आहे. २०१६मध्ये पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकरची निवड झाली, तेव्हा एक फोटो फिरला: एका बाजूला १००९ वाला रिक्षाचालकाचा मुलगा, संघाबाहेर, दुसऱ्या बाजूला तेंडुलकर आडनाव, संघात. मी तो तीन ग्रुपवर टाकला. वर ‘हा आपला देश’ असं काहीतरी लिहिलं, राग आलेली इमोजी लावली. खरी गोष्ट साधी होती. विभागाचा संघ राज्यांच्या त्या वयोगटातल्या संघांतून निवडला जातो, आणि प्रणव मुंबईच्या सोळा वर्षांखालील संघात नव्हताच. त्यामुळे त्याला डावलण्याचा प्रश्न येत नव्हता. हे सांगितलं कोणी? त्याच्या वडिलांनी. मुलं मित्र आहेत, वाद नको, असंही सांगितलं. ज्या माणसाला सगळ्या बातम्यांनी विशेषण करून ठेवलं होतं, त्यानेच शेवटी पडताळणीचं काम केलं. मी आधीचा फोटो डिलीट केला नाही. कोणी करतं का?

साधनं कमी आहेत म्हणून असं होतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बातमीदार कमी, पगार कमी, काय करणार. पण अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलभोवती प्रचंड पैसा फिरतो, त्यासाठी स्वतंत्र चॅनेल आहेत, एकेका संघामागे पत्रकारांचा ताफा असतो. तिथे २०१२ साली नोत्र दाम विद्यापीठाच्या मँटाय टेओ या खेळाडूची गोष्ट गाजली: सप्टेंबरमध्ये आजी आणि ल्युकेमिया झालेली मैत्रीण दोघी काही तासांच्या अंतराने गेल्या, आणि हा पठ्ठ्या त्याच आठवड्यात सामना खेळला. मोठमोठ्या मासिकांनी, चॅनेलांनी ती छापली, दाखवली. वर्षाच्या शेवटी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. १६ जानेवारी २०१३ला ‘डेडस्पिन’ या वेबसाइटने सांगितलं की अशी मुलगी कधी नव्हतीच. आजी खरी होती, तिचा मृत्यू खरा होता. मैत्रीण इंटरनेटवर कोणीतरी रचलेली होती आणि टेओ स्वतः त्यात फसला होता. डेडस्पिनने काही जादू केली नव्हती. मृत्यूची नोंद शोधली, सापडली नाही. ती जिथे शिकत होती म्हणायचे त्या विद्यापीठात विचारलं, तिथेही नाही. वेगवेगळ्या बातम्यांत तिच्या मृत्यूच्या तारखा वेगवेगळ्या होत्या, त्या फक्त शेजारी शेजारी ठेवल्या. नेटफ्लिक्सवर यावर एक माहितीपट आहे, बघा. बघताना मला सतत आमच्या सरांचं ‘राहू दे’ ऐकू येत होतं. म्हणजे पैसा हे कारण पुरत नाही. पोराच्या यशाची गोष्ट असली की विचारणं असभ्य वाटतं. बारशाला जाऊन बाळाचं वजन किती असं वजनकाटा काढून कोण विचारेल?

आणि आता तर प्रेस नोट टाइप करायला दुसऱ्या वर्षाचा पोरगाही लागत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या गॅनेट या मोठ्या वृत्तपत्र कंपनीने शाळांच्या सामन्यांच्या बातम्या यंत्राकडून लिहून घेतल्या. ओहायोतल्या ‘कोलंबस डिस्पॅच’मध्ये एका फुटबॉल सामन्याची बातमी अशी आली की अमुक शाळेच्या ‘विजेत्या संघाचं बोधचिन्ह’ने तमुक शाळेच्या ‘पराभूत संघाचं बोधचिन्ह’ला २-१ने हरवलं. चौकटी कंसांसकट! साच्यात जिथे नाव भरायचं होतं ती जागा तशीच छापली गेली. लोक हसले, कंपनीने प्रयोग थांबवला.

मी नाही हसू शकलो. माझं रोजचं कामच साचे लिहिण्याचं आहे. ग्राहकाचं नाव इथे, रक्कम इथे, तारीख इथे. रिकामी जागा तशीच राहणं ही आमच्याकडे सगळ्यात बरी चूक समजली जाते, कारण ती दिसते. वाईट चूक ती, जिथे जुन्या ग्राहकाची माहिती नव्या ग्राहकाच्या कागदावर शांतपणे जाऊन बसते. वाक्य व्यवस्थित वाचता येतं, व्याकरण बरोबर, फक्त खरं नसतं. २०१७ साली मी नेमकं तेच केलं होतं. मागच्या वर्षीच्या मुलीची निवड माझ्या मित्राच्या नावावर टाकली. यंत्राने निदान कंस तरी ठेवले.

मराठीत मधला बातमीदार कधी नव्हताच, असं नाही. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाला स्वतःची जागा मिळवून दिली. कबड्डी-खोखोसारख्या देशी खेळांकडेही क्रिकेटइतक्याच गांभीर्याने पाहिलं आणि संघटनांच्या कारभारावर स्पष्ट लिहिलं. २०२३च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा बऱ्याच ज्येष्ठांनी हे आठवून लिहिलं. पण ती परंपरा मुंबई-पुण्याच्या पानांवर वाढली. तालुक्याच्या पानापर्यंत ती उतरली नाही, आणि आता शहरातल्या पानावरही आयपीएलने जागा खाल्ली आहे.

दुकानात मी हे सगळं एकदा मित्राला बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘तुले काय त्रास हाये बे? लहान गावातल्या पोराचं कौतुक झालं, त्यात कोणाचं काय गेलं?’ हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. कात्रण लॅमिनेट त्याच्या आईने करून आणलं आहे. तिला वाचता येत नाही. मुलाचं नाव कुठे आहे ते बोटाने बरोबर दाखवते. सातव्या ओळीवर बोट ठेवायला तिला कोणी शिकवलं नाही.

पण कोणाचं काही गेलं नाही, हे खरं नाही, आणि ते त्यालाही माहीत आहे. बातमीनंतर बसस्टँडजवळ फ्लेक्स लागला होता. नेत्यांचे फोटो मोठे, याचा खालच्या कोपऱ्यात, आणि मोठ्या अक्षरांत ‘राष्ट्रीय खेळाडू’. शिबिरातून तो परत आला तेव्हा फ्लेक्स अजून टांगलेलाच होता. चहाच्या टपरीवर, दूध घेताना, सकाळी पळायला गेलं की पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, सगळ्यांचा एकच प्रश्न: नॅशनल कवा हाये? निवड झाली नाही म्हटलं की पेपर खोटा ठरतो, आणि पेपर खोटा कसा असेल, म्हणजे याच्यातच काहीतरी खोट असणार. त्याने पळायची वेळ बदलली. सकाळी साडेचारला, अंधारात, कोणी भेटू नये म्हणून. मग रस्ता बदलला. मग पावसाळा आला, बंद झालं. पोलीस भरतीला उतरला तेव्हा धावण्यात उत्तम गुण मिळाले, लेखीत राहिला. विद्यापीठात पहिला आलेला मुलगा शिबिरातून परत येणं यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज बातमीने तयार केली.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनसारख्या, बहुतेकांनी डोळ्यांनी न पाहिलेल्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं जोडून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीला आली. असं प्रमाणपत्र पचतं का? कारण स्पर्धा झाली होती का, कोण खेळलं, निकाल काय लागला, हे कोणीच तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवलेलं नसतं. ज्या स्पर्धेची नोंद फक्त अध्यक्ष आणि सचिवांच्या नावांपुरती आहे, ती झाली काय आणि न झाली काय, कागदावर सारखीच दिसते. खरं धावलेल्या मुलाकडे आणि न धावलेल्या मुलाकडे सारख्याच अकरा ओळी असतात.

मी एकदा खरंच शोधलं. त्या वर्षीचे निकाल कुठे मिळतात का बघायला वेबसाइट चाळल्या, पीडीएफ उघडल्या, सरांना फोन केला. सर निवृत्त झाले आहेत. त्यांना मित्र आठवला, शर्यत आठवली, शेवटच्या दोन फेऱ्यांत त्याने कसं मागे टाकलं तेही त्यांनी रंगवून सांगितलं. मी ऐकतच राहिलो. हे सगळं त्यांना माहीत होतं, पाठ होतं. प्रेस नोटमध्ये घालावं असं त्यांना सुचलं नव्हतं आणि मला विचारावंसं वाटलं नव्हतं. फक्त वेळ त्यांच्या लक्षात नव्हती. निकालाचा कागद ऑफिसात जमा केला होता म्हणाले, आता कुठे असेल सांगता येत नाही.

या दिवाळीला मी शेवटी मित्रालाच विचारलं. आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. दुकानात कोणी नव्हतं, कापसाचे दिवस, सगळे शेतात. तो पावती पुस्तकात काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, ‘सोळा बेचाळीस.’

मी मोबाइल काढून लिहून घेतलं.

‘आपल्या सरच्या घडीत,’ तो म्हणाला. ‘दुसऱ्या कॉलेजचे एक सर होते, त्याईच्या घडीत सोळा अडतीस आलं होतं. कोणतं लिवलं ते मले नाई माहीत.’